भिंतीवरची गच्ची : फुटक्या फरश्यांच्या कामाच्या नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार

आमची इमारत डोंबिवली पूर्वेला. चार मजले, सोळा घरं, वय चाळिशीच्या पुढेमागे. दिवाळीनंतर नळाच्या लायनी बदलायचं निघालं आणि 'फोडलंच आहे तर' म्हणत अकरा घरांनी अख्खी न्हाणीघरं नवी करून घेतली. जुन्या फरश्यांच्या गोण्या मागच्या गल्लीत कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवल्यात. आज मोजल्या, 63 भरल्या. 2016 च्या नियमांप्रमाणे हा राडारोडा वेगळा ठेवून ठरलेल्या जागीच द्यायचा असतो. टेम्पोवाल्यानं नेण्याचा आकडा सांगितल्यापासून कमिटी गप्प आहे.

ती भिंतही बघण्यासारखी आहे. पानाच्या पिचकाऱ्या आणि ओल. त्यावर तीन वेगवेगळ्या रंगांत तीन वेळा लिहिलेलं 'येथे लघवी करू नये'. तिन्ही वेळा कुणी ऐकलेलं नाही.

मीटिंगमध्ये मी म्हटलं, गोण्यांतल्या चांगल्या फरश्या वेचून याच भिंतीवर मोझॅक, म्हणजे तुकडे जुळवून चित्र, करू. एकतीस वर्षं चित्रकला शिकवून मेमध्ये निवृत्त झालेय, त्यामुळे सगळ्यांनी 'बाईंना वेळ जात नाही' अशा नजरेनं पाहिलं. सेक्रेटरी म्हणाले, करा. टेम्पोच्या दोन खेपा तरी वाचतील.

भिंतीचा वापरायचा भाग 18 फूट लांब, 5 फूट उंच. जमिनीपासून एक फूट सोडायचं, तिथे पावसाचं पाणी उडतं.

19 जानेवारी

जिन्यात सूचना लावली होती : 'चला, एकत्र येऊन कला करू या.' आले तिघं. तळमजल्याच्या आजी, त्यांना घरात ऊन मिळत नाही म्हणून. दुसऱ्या मजल्यावरचा पाचवीतला मुलगा. आणि त्याला शोधायला आलेली त्याची आई.

दोन गोण्या निवडून झाल्या. सूचना काढून टाकली. आता वाचताना माझी मलाच शाळेतल्या परिपत्रकासारखी वाटली.

26 जानेवारी

झेंडावंदनानंतर लोक आयतेच खाली होते. मी मुद्दाम अकरा बादल्या ओळीनं मांडून त्यांवर घर क्रमांक लिहून ठेवले होते, बाकी काहीच बोलले नाही.

पहिल्या मजल्यावरच्या काकू थांबल्या. गोणीतून एक फिकट गुलाबी तुकडा उचलला, अंगठ्यानं त्यावरची धूळ पुसली. "ही आमची. सत्त्याऐंशी साली मोरी काढून बाथरूम केलं तेव्हाची. ह्यांना निळी हवी होती." मग तो तुकडा स्वतःच्या क्रमांकाच्या बादलीत टाकला. पाच मिनिटांत सहा जणं गोण्यांत हात घालून उभी. पांढऱ्या सहा बाय सहाच्या फरश्या सगळ्यांच्याच, त्यावरून वाद. द्राक्षाच्या घडाची बॉर्डर तिसऱ्या मजल्याची. तिची त्या काळी सगळ्या जिन्यात चर्चा झाली होती म्हणे. एका घराची फरशी हुबेहूब दुसऱ्या घरासारखी निघाली आणि 'आमचं बघूनच घेतली होती' हे अडतीस वर्षांनी जाहीर झालं.

बादल्यांवर क्रमांक हवेतच. पुढे काही झालं तरी हे बदलायचं नाही.

2 फेब्रुवारी

भिंतीवर काय करायचं यावर दोन तास.

सेक्रेटरींचं म्हणणं सरळ होतं : देवांच्या फरश्या आणू. गणपती, साईबाबा, मक्का, क्रॉस असा सेटच मिळतो. कुणाची थुंकायची हिंमत होणार नाही. मी विरोध करायला तोंड उघडणार, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "म्हणजे देवाला मुतारीच्या राखणीला बसवायचं?" विषय संपला. मी बोलले असते तर अजून चालू असता.

मग माझं चित्र. मोठं झाड, त्यावर पक्षी. आजींनी चष्मा वर करून पाहिलं. "झाड काय, सगळीकडेच असतं. बँकेत पण आहे." मला लागलं थोडं, पण खरं होतं. पोरांना लोकल हवी होती. एकाला मेट्रो, जी आमच्याकडे अजून यायचीय.

शेवटी गच्ची ठरली. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं की पूर्वी मे महिन्यात वर पापड-कुरडया असायच्या, रात्री गाद्या टाकून झोपायचो. गळतीची तक्रार झाली आणि गेली नऊ वर्षं गच्चीला कुलूप आहे. आत्ताच्या पोरांनी ती पाहिलेलीच नाही. तर भिंतीवर गच्ची : वाळत घातलेले कपडे, जुने अँटेना, पाण्याची टाकी, पापडांच्या ओळी, कबुतरं आणि वर खूप आभाळ. आभाळ अशासाठी की निळ्या फरश्या साडेतीन गोण्या आहेत.

9 फेब्रुवारी

गवंडीमामा मिळाले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे काम करून गेलेले. मूळचे लातूरकडचे, तीस वर्षं इकडे गच्च्यांची वॉटरप्रूफिंगची कामं करतात. मी त्यांना मोझॅक म्हणजे काय ते समजावू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, हे चायना चिप्स. तुमच्या गच्चीवर पायाखाली हेच आहे."

खरंच की. विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीचे तुकडे ठोकून बसवलेले. पांढऱ्यावरून ऊन परततं आणि मधल्या सांध्यांमुळे थंडी-उन्हाची ओढाताण फरशी सोसते. मुंबई-ठाण्याच्या जुन्या गच्च्यांवर मैलोगणती मोझॅक पडलंय आणि आम्ही चित्रकलेचे शिक्षक मुलांना बार्सिलोनाच्या बागेतल्या मोझॅकच्या बाकांचे फोटो दाखवत बसलो.

मामांनी मग फरश्यांची परीक्षा कशी घ्यायची ते दाखवलं. तुकडा उलटा धरायचा, पाठीवर बोटानं पाण्याचा थेंब ठेवायचा. जुन्या भिंतीच्या फरशीनं तो बघता बघता पिऊन टाकला, मागे फक्त काळसर डाग उरला. दुसरा तुकडा चौथ्या मजल्यावरचा, चकचकीत व्हिट्रिफाइड. त्यावर थेंब मण्यासारखा बसून राहिला. "पाणी पिती ती धरती. ही पीत नाही, ही सिमेंटला धरणार नाही. हिला केमिकल लागतं." पोरांनी पुढचा तासभर दिसेल त्या गोष्टीवर थेंब ठेवले.

पैशाचंही आज बोलून घेतलं. कमिटीतल्या एकानं विचारलं, "सगळे हौसेनं करतायत, तर मामाही..." नाही. हौस आमची आहे, त्यांचा तो रविवार आहे. पूर्ण हजेरी द्यायची, अर्धा दिवस थांबले तरी. हे लिहून ठेवलं आणि सेक्रेटरींची सही घेतली.

23 फेब्रुवारी

आज गाडगेबाबांची जयंती, हा योगायोग. भिंत साफ करायचा दिवस आम्ही आधीच धरला होता. आजींनी पोरांना सांगितलं की बाबा डोक्यावर फुटक्या मडक्याचं खापर घालायचे आणि त्यातच भाकरी खायचे, म्हणून गाडगेबाबा. दिवसा गाव झाडायचा, रात्री कीर्तन. पाचवीतल्याला खापर डोक्यावर घालायची कल्पना फारच आवडली. बादलीतून एक कुंडीचा तुकडा काढून घेतला त्यानं. काढून ठेवायला लावला, धार होती.

दहावीची परीक्षा सुरू झालीय, मोठी मुलं नाहीत. तरी नऊ माणसं. रंग आणि सैल गिलावा खरवडून काढला, मग मामांनी छिन्नीनं सगळ्या भिंतीवर टाचे मारले. रंगावर काहीही चिकटवलं तरी ते रंगाला चिकटतं, भिंतीला नाही. 'येथे लघवी करू नये' तिन्ही थरांसकट गेलं.

9 मार्च

फक्त तुकडे करणं. गोणपाटाखाली फरशी ठेवून हातोडीचा एक ठोका, मग पक्कडीनं आकार. गॉगल आणि हातमोजे असल्याशिवाय कुणी बसायचं नाही. पोरांच्या हाताच्या उंचीला येणाऱ्या तुकड्यांच्या कडा खरवडीच्या दगडावर घासून घेतल्या. दुपारी कंटाळून सगळे गेले. मीही.

23 मार्च

फरश्यांखेरीज काय चालेल याची यादी जिन्यात लावली : कप-बश्या, लोणच्याच्या बरण्या, काचेच्या बांगड्या. आरसे नकोत, ओलीनं आणि सिमेंटनं मागचा पारा काळा पडतो. प्लास्टिकची झाकणं नकोत, उन्हात दोन वर्षांत रंग उडतो आणि सिमेंट त्यांना धरत नाही. यावरून शाळेच्या 'टाकाऊतून टिकाऊ'च्या तासाची आठवण झाली. एकतीस वर्षांत त्या तासाला केलेलं काहीही टिकाऊ नव्हतं. प्रदर्शन संपलं की शिपाई गोळा करून कचऱ्यात टाकायचे, मीच सांगायचे.

कप-बश्या ढिगानं आल्या. प्रत्येक घरात कान तुटलेला एक कप असतो, तो कुणी टाकत नाही, त्यात दाढीचा ब्रश किंवा सुट्टे पैसे राहतात. बांगड्या मात्र कुणी देईना. फुटकी बांगडी घराबाहेर द्यायची, तीही भिंतीत चिणायला, हे बायकांच्या मनाला येईना. "फुटकी म्हणू नका हो, वाढलेली म्हणा," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन दारात. आत हिरव्या काचेच्या बांगड्या, निम्म्या सबंध, निम्म्या तुकडे. मावशींचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करायचा ठराव केला, ती बातमी तेव्हा त्यांनीच मला वाचून दाखवली होती. आज एवढंच म्हणाल्या, "वरच्या बाजूला लाव. कुणाच्या हाताला नको लागायला."

दुसऱ्या दिवशी आणखी चार घरांतून बांगड्या आल्या.

30 मार्च, गुढीपाडवा

पहिला तुकडा लावला. कोणी लावायचा यावर वाद नको म्हणून आजींना पुढे केलं. त्यांनी गुलाबी लावला, काकूंचा. काकूंचे यजमान मागे उभे होते, हळूच म्हणाले, "निळा असता तर आभाळ तरी झालं असतं."

पाणी पिणाऱ्या फरश्या रात्रभर टबात भिजत घातल्या होत्या. कोरडी लावली तर मालातलं पाणी शोषून घेते आणि माल सुकण्याऐवजी करपतो, हा मामांचा शब्द. चार तासांत सात चौरस फूट. वाटलं होतं वीस होतील.

13 एप्रिल

पोरांसाठी वेगळी रीत. खाली बसून, वहीला घालतात त्या खाकी कागदावर चित्र काढायचं, तुकडे मैद्याच्या खळीनं तोंड खाली करून चिकटवायचे. मग कागदासकट ते भिंतीवर दाबायचं, माल घट्ट झाला की कागद ओला करून सोलून काढायचा. खळ पाण्यात विरघळते, कागद सुटतो.

कबुतरं छान जमली. त्यांनी टाकीवर अक्षरं लिहायचं ठरवलं, 'पाणी जपून वापरा'. मी नव्या कपड्यांच्या दोऱ्यांमध्ये गुंतलेले, लक्ष गेलं नाही. कागद सोलला तेव्हा सगळं उलटं, आरशातल्यासारखं. तोंड खाली म्हणजे चित्र उलटणारच. एकतीस वर्षं छापचित्रण शिकवलेल्या बाईला हे सुचू नये! काढून पुन्हा करू म्हटलं तर पोरांनी हट्ट धरला, राहू दे. आता गल्लीतून जाणारे मान वाकडी करून वाचत उभे राहतात. सेक्रेटरी म्हणतात, तीन वेळा सरळ लिहिलेलं कुणी वाचलं नव्हतं.

20 एप्रिल

18 चौरस फूट एका रविवारी. विक्रम. सुट्ट्या लागल्यात.

27 एप्रिल

सकाळी खाली गेले तर भिंतीच्या पायथ्याशी तुकड्यांचा ढीग. वाटलं कुणी मुद्दाम फोडलं. गल्लीतल्या दोघातिघांवर मनातल्या मनात संशय घेऊन झाला. मामा आले, एक तुकडा उचलून पाठ बघितली. गुळगुळीत. चौथ्या मजल्यावरची व्हिट्रिफाइड.

चूक माझी. केमिकलची गोणी संपत आली होती, दुसरी आणायचे पैसे वाचवायला मागच्या रविवारी मी म्हटलं, थोड्याच आहेत, साध्या मालात बसवू. विक्रम म्हणून लिहिलेल्या 18 पैकी सहा फूट त्यातलेच होते. मामा म्हणाले नव्हते असं नाही. म्हणाले होते, मी ऐकलं नाही, आणि हजेरी देणाऱ्या माणसाला किती वेळा सांगायचं असतं? आज ते काहीच बोलले नाहीत, खाली बसून तुकड्यांवरचा माल खरवडू लागले. मी केमिकलची गोणी आणायला गेले, माझ्या पैशानं.

चौथ्या मजल्यावरच्यांना वाटलं, त्यांच्याच फरश्या मुद्दाम काढल्या. समजूत घालायला थेंबाचा प्रयोग पुन्हा करून दाखवावा लागला. तो पाचवीतल्यानं केला, माझ्यापेक्षा बरा.

11 मे

पापड आणि कुरडया. सगळ्यांत जास्त मजा यात. बशीचा मधला गोल पक्कडीनं सोडवून घेतला की तो पापड; त्यावरची सोनेरी रेघ उन्हाची. जुन्या बरण्यांचे तपकिरी तुकडे म्हणजे तळलेले, असं एका मुलीनं ठरवलं, गच्चीवर तळलेले पापड कसे वाळतील हे तिला कुणी विचारलं नाही. कुरडयांना बांगड्या. कमानीचे छोटे तुकडे एकात एक गुंतवत गेलं की खरोखर कुरडईचं जाळं दिसतं. मावशींचा हिरवा डबा मात्र सगळ्यात वरच्या दोरीवर गेला, त्याचं नऊवारी झालं. कपांचे कान म्हणजे कपडे अडकवायचे चिमटे. कान बाहेर आलेले असतात, त्यामुळे दुपारी त्यांची सावली पडते. हे ठरवून केलेलं नव्हतं.

चहाच्या वेळी मामांना फोनवर 'अमदावाद नी गुफा' या अहमदाबादच्या कलादालनाचे फोटो दाखवले. वास्तुकार बाळकृष्ण दोशी आणि चित्रकार हुसेन, 1995 चं काम. जमिनीतून फुगून आलेले घुमट, वर फुटक्या फरश्या आणि त्यांतून सरपटत गेलेला काळा नाग. दोशी जन्मानं पुण्याचे, हुसेन पंढरपूरचे. मामांनी फोटो मोठा करून सांधे बघितले. "भारी काम आहे. पाणी कुठून काढलंय?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

चंदीगडच्या रॉक गार्डनची गोष्टही निघाली. नेकचंद सरकारी रस्ते विभागातले, फुटक्या बांगड्या, कप, विजेची सॉकेटं सायकलवरून गोळा करून वर्षानुवर्षं जंगलात गुपचूप बांधत राहिले. 1976 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. पोरांना फक्त 'गुपचूप' एवढंच आवडलं.

21 मे

तुकडे लावून पूर्ण. रद्दीवाल्याचा काटा आणून आधी वजन केलेलं होतं : भिंतीवर 118 किलो. नव्वद चौरस फूट. सांधे भरायचं काम उरलंय. हिशेब असा की पाऊस जूनच्या दहा-बाराला येतो, तीन रविवार हातात आहेत. कालपासून आभाळ भरलंय, वळीव असेल.

26 मे, सोमवार

वळीव नव्हता. आज मुंबईत मान्सून आल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, ठरल्या तारखेच्या सोळा दिवस आधी.

काल वरच्या दोन तृतीयांश भागात व्हाइट सिमेंट भरून झालं होतं. रात्री साडेअकराला विजा सुरू झाल्या. खाली धावले तर सेक्रेटरी आधीच लुंगीवर ताडपत्री ओढत होते. भिंतीवरून दुधासारखे ओघळ गटारात चाललेले. कुणी टॉर्च धरला, कुणी ताडपत्रीचं टोक, पहिल्या मजल्याच्या खिडकीतून काकू दोरी सोडत होत्या, तिसऱ्या मजल्यावरून कपड्यांचे चिमटे आले. खरे, प्लास्टिकचे. मध्यरात्री एकपर्यंत ताडपत्री बांधली. सोळांपैकी किती घरांतली माणसं होती ते अंधारात मोजता आलं नाही. पाच महिन्यांत कधी खाली न आलेले दोन चेहरे होते. एकाचं आडनाव मला अजून माहीत नाही.

सकाळी पाहिलं. टाकीच्या उजवीकडे दीड-दोन फुटांतलं सिमेंट धुवून गेलंय. तुकडे जागेवर आहेत, एकही पडलेला नाही. व्हिट्रिफाइडही नाही.

8 जून

पाऊस येऊन गेला आणि रुसून बसला. आठवडाभर उघडीप मिळाली, त्यात उरलेले सांधे भरले. अर्ध्या तासानं ओल्या स्पंजनं पुसायचं, मग कोरड्या फडक्यानं, मग तीन दिवस पाणी मारायचं. पाणी मारायला पोरांत पाळ्या लागल्यात आणि पाळीवरून भांडणंही.

खाली डाव्या कोपऱ्यात, कबुतराच्या पायाशी, शुक्रवारी पानाची पिचकारी दिसली. लाल, ताजी. मला वाटलं, झालं. सेक्रेटरी दुधाची पिशवी हातात घेऊन उभे होते, त्यांनी खिशातून रुमाल काढला, नळाखाली भिजवला आणि पुसलं. चकचकीत फरशीवरून एका हातात निघालं. "हे बरंय," म्हणाले आणि रुमाल तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

राहिलेलं :

उरलेल्या गोण्या अजून गल्लीतच आहेत. टेम्पो सांगायचाच आहे. समोरच्या इमारतीतून एक बाई विचारून गेल्या, त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात लायनी बदलतायत, फरश्या 'पाठवून देऊ का'. नको म्हटलं. मग बादल्या हव्या असतील तर न्या म्हटलं, क्रमांक खोडून.

मामांची शेवटची हजेरी द्यायची आहे. केमिकलच्या एकूण चार गोण्या, त्यांतली एक माझी, ती हिशेबात धरायची नाही.

गच्चीच्या किल्लीसाठी अर्ज केलाय. सह्या चौदा. सेक्रेटरी म्हणतात, आधी वरची चायना मामांना दाखवून घेऊ, गळती कुठून आहे ते कळल्याशिवाय कुलूप काढणार नाही. मामा मंगळवारी येतायत.